वाहनाची पारख : दमणी, मर्सिडीज आणि व्याजाचा दर

वाहन विकत घेण्यापूर्वी माणूस नेमके काय पाहतो, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांचा आहे असे सहसा कोणी म्हणणार नाही. तो यंत्रज्ञांचा, व्यापाऱ्यांचा, फार तर अर्थशास्त्रज्ञांचा प्रश्न समजला जातो. परंतु पारख ही मुळात भाषेतून होणारी क्रिया आहे. काय चांगले आणि काय वाईट हे ठरवण्यासाठी शब्द लागतात. ते शब्द कोणाच्या तोंडी आहेत आणि ते कोणाला उद्देशून उच्चारले जातात, हे पाहिले की समाजातील बळाबळाचा बराच उलगडा होतो. म्हणूनच या प्रश्नाचा थोडा इतिहास येथे मांडावा असे आम्हाला वाटते.

निमित्त तसे साधेच आहे. यवतमाळ हा कापसाचा, कोरडवाहू शेतीचा आणि दुर्दैवाने शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून देशाला परिचित झालेला जिल्हा. याच जिल्ह्यात डॉक्टर, कंत्राटदार, व्यापारी आणि वेतन आयोगाने हात दिलेले आमच्यासारखे प्राध्यापक यांच्या गप्पांत हल्ली मध्यम आकाराच्या आलिशान सेडान गाड्यांचा विषय निघतो. मर्सिडीजची ई-क्लास, बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज, ऑडीची ए-सिक्स ही नावे घेतली जातात. इंजिन दोन लिटरचे, शक्ती दोनशे अश्वशक्तीच्या पुढे, शून्यापासून शंभरचा वेग गाठायला इतके सेकंद, मागच्या आसनावर पाय पसरायला इतकी जागा, अशी ती भाषा असते. बोलणारे बहुतेक जण शेतकऱ्यांचीच मुले आहेत. त्यांच्या आजोबांकडेही वाहन पारखण्याची एक भाषा होती, आणि ती या भाषेहून कमी नेमकी नव्हती.

वऱ्हाडात वाहनांची उतरंड स्पष्ट होती. बंडी ही कामाची गाडी. शेणखत, कडबा, धान्य आणि हंगामात जिनिंगकडे जाणारा कापूस तिच्यातून जाई. बसून फिरण्यासाठी असे ती दमणी : हलकी, वरून आच्छादलेली, आत गादी-लोड घातलेली. देशमुख, पाटील, सावकार आणि तालुक्याचा वकील यांच्या दारात ती उभी असे. लेकीसुना माहेरी जात-येत त्या तिच्यातूनच. ज्याला आज आपण आलिशान सेडान म्हणतो तिचे त्या काळातले स्थान दमणीला होते, असे म्हणायला हरकत नाही. मजुराच्या आणि लहान कास्तकाराच्या वाट्याला ती येत नसे. तो एक तर बंडीत बसे किंवा पायी चाले.

दमणीची पारख म्हणजे मुख्यतः तिला जुंपायच्या जोडीची पारख. बैलाच्या खालच्या जबड्यातले पुढचे दात पाहून वय सांगितले जाई : दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि आठही दात आले की जुळलेला. खुरांची ठेवण, वशिंडाचा भरीवपणा, खांद्यावर जुवाचा घट्टा आहे की जखम, डोळ्यात पाणी, शेपटीचा गोंडा, अंगावरचा भोवरा शुभ की अशुभ, इतके सारे पाहून झाले तरी सौदा होत नसे. बैल चालवून पाहावा लागे. भरली बंडी चढावर ओढतो का, जू मानेवर येताच बसकण मारतो का, लाथ झाडतो का, जोडीदाराबरोबर पाऊल मिळवतो का हे पाहिले जाई. वर्धा-नागपूरकडच्या गवळाऊ जातीला मान होता तो तिच्या चालीमुळे. अंगाने हलकी आणि पायाने चपळ अशी ही जात जड नांगरटीपेक्षा वेगाच्या प्रवासासाठी नावाजलेली होती. म्हणजे कामाचे बळ आणि वेगाचे बळ हा आजच्या मोटारींच्या चर्चेतला भेद जुन्या वऱ्हाडी माणसाला चांगलाच ठाऊक होता. शंकरपटात तर वेगाच्या बळाची जाहीर परीक्षाच होई. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा वाट मोकळी झाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे संबंधित कायदे वैध ठरवले. या साऱ्या वादात प्राण्यांवरील क्रौर्य आणि परंपरा या दोन बाजू हिरिरीने मांडल्या गेल्या. शंकरपट ही खरेदीदाराच्या डोळ्यांसमोर होणारी बळाची चाचणी होती, हा तिसरा मुद्दा मात्र फारसा कोणी मांडला नाही.

हा बाजार निर्मळ होता असे आम्ही मुळीच सुचवत नाही. शिंगे तासून, तेल चोळून जनावर तरुण दाखवले जाई. हेडी आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून किंमत ठरवत, आणि ज्याचा बैल विकला जाई त्यालाच ती शेवटपर्यंत नीट कळत नसे. तरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेतला बैलबाजार असो की आठवडी बाजार, तिथे पाहणारा डोळा खरेदीदाराचा होता आणि पाहिली जाणारी वस्तू समोर दावणीला उभी होती. अडाणी म्हणवला जाणारा कास्तकारही या बाबतीत तज्ज्ञ होता. त्याचे ज्ञान कोणाच्या छापील पत्रकावर अवलंबून नव्हते.

परंतु त्याच बाजारात आणखी एक पारख चालू असे, आणि ती होती खरेदीदाराची. बैलासाठी रोख पैसा कोणाकडे असणार? पैसा सावकाराकडे. सावकार बैलाचे दात पाहत नसे; तो कर्ज मागणाऱ्याची जमीन, त्याचे पीक आणि त्याची अगतिकता पाहत असे. ब्रिटिश सरकारने १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याने बियाणे आणि जनावरे यांसाठी तगाई देण्याची सोय केली खरी, पण ती किती तोकडी राहिली हे पुढे आकड्यांनीच सिद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. तिच्या संचालन समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि सभासदांत धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी जवळपास ७० टक्के कर्ज सावकारांचे, ३.३ टक्के सरकारचे, ३.१ टक्के सहकारी संस्थांचे आणि व्यापारी बँकांचे अवघे ०.९ टक्के, असे या समितीला आढळले. हा ०.९ चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता मोटारीकडे वळू. मराठी मुलखात मोटारनिर्मितीची मुहूर्तमेढ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी रोवली. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि प्रीमियर पद्मिनी बाहेर पडल्या. १९५० च्या दशकाच्या आरंभी सरकारने धोरण घेतले की ज्यांना इथे भाग बनवायचे आहेत त्यांनीच इथे गाड्या विकाव्यात. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. त्यानंतरची सुमारे तीस वर्षे मोटार घेणाऱ्यापुढे पारखण्याजोगे असे फारसे काही नव्हते. अँबेसेडर की फियाट एवढाच प्रश्न, आणि त्याचेही उत्तर बहुधा आधी क्रमांक कशाचा लागतो यावर ठरे. पैसे भरायचे, नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. वस्तू पारखली जात नव्हती. पारखला जात होता तो गिऱ्हाइकाचा धीर. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली तेव्हा लोकांना मोठे अप्रूप वाटले, त्यात गाडीच्या गुणांइतकाच वाटा या दीर्घ प्रतीक्षेचाही होता.

याच काळातली एक गंमत आज विस्मरणात गेली आहे. मर्सिडीजचे त्रिकोणी तारकाचिन्ह भारतीय रस्त्यांवर सर्वदूर पोहोचले ते मालमोटारीवरून, आलिशान मोटारीवरून नव्हे. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरच्या कारखान्यातून टाटा-मर्सिडीज-बेंझ या नावाचे ट्रक निघू लागले. करार १९६९ मध्ये संपला, ट्रक मात्र पुढेही धावत राहिले. तेव्हा खेड्यातल्या माणसाला मर्सिडीजचा तारा दिसत असे तो ओझ्याच्या गाडीच्या तोंडावर. चैनीचे चिन्ह म्हणून त्याची ओळख नंतरची आहे. चिन्हांचा अर्थ वस्तूत नसून व्यवस्थेत असतो हे आपण वर्गात शिकवतो. त्याचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

१९९१ नंतर चित्र पालटले. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझने पुण्यात टेल्कोच्या साह्याने कंपनी स्थापली आणि १९९५ पासून ई-क्लास मोटारींची जुळणी सुरू झाली. येथे भारतीय गिऱ्हाइकाने जी पारख दाखवली ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पुण्यात जुळवली जाणारी गाडी होती डब्ल्यू १२४ या सांकेतिक नावाची, आणि युरोपात नेमक्या त्याच वर्षी तिच्या जागी नवी पिढी आली होती. म्हणजे तिकडे जुने झालेले रूप इकडे नवे म्हणून मांडले गेले. श्रीमंत गिऱ्हाइकांनी हे ओळखले. अपेक्षेच्या मानाने विक्री फारच थोडी झाली, आणि कंपनीला नंतरच्या वर्षांत नवी मॉडेले आणणे भाग पडले. तारा आहे एवढ्यावर भाळून न जाता तो कोणत्या सालचा आहे हे विचारण्याची वृत्ती बैलाचा दात पाहणाऱ्या वृत्तीचीच वारस म्हणावी लागेल.

इथपर्यंत हा इतिहास वस्तूच्या पारखीचा झाला. त्याचे खरे वळण मात्र मराठवाड्यात दिसते. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, हे यवतमाळपासून दूर असले तरी दोन्हीकडची भूमी सारखीच आहे : निजामी राजवटीचा वारसा, कोरडवाहू कापूस, सिंचनाचा अनुशेष आणि मागासलेपणाचा कायमचा शिक्का. (वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले, मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे राहिला, एवढाच फरक.) ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या. व्यवहार ६५ कोटी रुपयांचा होता, म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाखांहून थोडे अधिक. आमचे शहर मागासलेले नाही हे जगाला दाखवायचे, असा त्यामागचा एक उद्देश सांगितला गेला. वृत्तपत्रांनी या घटनेला भरभरून जागा दिली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये या खरेदीची दुसरी बाजू मांडली. भारतीय स्टेट बँकेने या खरेदीदारांना ४० कोटींहून अधिक कर्ज दिले होते, आणि बँक कर्मचारी संघटनेचे औरंगाबादचे नेते देवीदास तुळजापूरकर यांच्या म्हणण्यानुसार व्याजाचा दर ७ टक्के होता. ट्रॅक्टरसाठी कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र १२ टक्के मोजावे लागत, असे साईनाथांनी दाखवून दिले. वाङ्मयाच्या वाचकांना तुळजापूरकर हे नाव अपरिचित नसावे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये ज्या बँक कर्मचाऱ्यांच्या बुलेटिनात छापली गेली त्याचे प्रकाशक-मुद्रक म्हणून ज्यांच्यावर खटला भरला गेला ते हेच. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाला त्या खटल्यातून मुक्त केले, कवीला मात्र ती सवलत दिली नाही. कवितेच्या शब्दांसाठी न्यायालयाची पायरी चढलेला माणूसच व्याजाच्या आकड्याकडे बोट दाखवतो, हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो.

या दोन दरांतले अंतर नुसते वाचून जाणवत नाही, म्हणून गणित मांडून पाहू. दहा लाख रुपयांचे कर्ज पाच वर्षांत समान मासिक हप्त्यांनी फेडायचे आहे असे समजा. ७ टक्के दराने महिन्याचा हप्ता सुमारे १९,८०० रुपये पडतो, १२ टक्के दराने सुमारे २२,२४५. पाच वर्षांत दुसऱ्या माणसाने पहिल्यापेक्षा जवळजवळ १ लाख ४६ हजार रुपये जास्त भरलेले असतात. मुद्दल एक, मुदत एक. फरक फक्त कशासाठी मागितले आणि कोणी मागितले याचा.

बँकेची बाजूही समजून घेतली पाहिजे. मोटार ही स्वतःच तारण असते, ती जप्त करून विकता येते. उद्योजकाचे उत्पन्न दरमहा कागदावर दिसते, शेतकऱ्याचे पावसावर असते. एकाच वेळी १५० कर्जे मंजूर केली की कागदपत्रांचा खर्च आणि जोखीम दोन्ही घटतात. पीककर्जाच्या बाबतीत तर सरकारने २००६-०७ पासून व्याज-सवलतीच्या योजनेने ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर ठरवूनही दिला होता. तेव्हा शेतकऱ्याला कोठेच ७ टक्के मिळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण बियाण्याचे कर्ज एका हंगामात संपते. शेती बदलते ती यंत्राने, विहिरीने, जनावराने. नेमक्या त्या दीर्घ मुदतीच्या कर्जाला दर चढा, वर जमीन गहाण आणि सातबाऱ्यावर बोजा.

येथेच तो ०.९ चा आकडा पुन्हा आठवावा. व्यापारी बँका खेड्यापर्यंत पोहोचलेल्याच नाहीत हे पाहून गोरवाला-गाडगीळ समितीने शिफारस केली की इंपीरियल बँक सरकारने ताब्यात घेऊन तिची एक मोठी राष्ट्रीय बँक करावी आणि तिने ग्रामीण भागात जावे. त्या शिफारशीनुसार १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक जन्माला आली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घातले गेले. म्हणजे ही बँक ज्या दस्तऐवजातून निर्माण झाली तो दस्तऐवज शेतकऱ्याच्या कर्जाविषयीचा होता. पंचावन्न वर्षांनंतर त्याच बँकेचा एक वरिष्ठ अधिकारी १५० मर्सिडीजच्या व्यवहाराचा अभिमान व्यक्त करतो आणि असे आणखी व्यवहार शोधू असे सांगतो. यात कोणी कायदा मोडला नाही. पण संस्थेचा मूळ हेतू आणि तिचे वर्तमान यांच्यातले हे अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवलेच पाहिजे.

औरंगाबादच्या खरेदीदारांविषयी आम्हाला राग नाही. उलट त्यांच्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. एकट्याने गेलो असतो तर कंपनीने जी सूट दिली नसती आणि बँकेने जो दर दिला नसता तो त्यांनी दीडशे जण एकत्र येऊन मिळवला. याला जुने नाव आहे : सहकार. ज्या तत्त्वावर शेतकऱ्यांच्या संस्था उभ्या राहाव्यात असे गाडगीळांच्या पिढीला वाटत होते, ते तत्त्व मोटार-खरेदीत अचूक वापरले गेले. गाड्यांच्या इंजिनांची पारख त्या दीडशे जणांनी किती केली हे सांगता येणार नाही, पण स्वतःच्या सामूहिक वजनाची पारख त्यांनी नक्कीच केली होती.

आता त्याच काळातल्या यवतमाळकडे पाहू. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापसाने भरलेल्या बंड्यांच्या रांगा खरेदी केंद्रांसमोर लागत. शेतकऱ्याचा माल हातात घेऊन, धाग्याची लांबी आणि स्वच्छता पाहून ग्रेडर त्याची प्रत ठरवी आणि प्रतीवर भाव ठरे. म्हणजे विकतानाही पारख दुसऱ्याच्या हाती. योजना पुढे खिळखिळी झाली, पण त्यानंतरच्या खाजगी व्यापारातही भाव सांगणारा आवाज शेतकऱ्याचा झाला नाही. २००६ च्या जून-जुलैत तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी आली, पण तिची पूर्ण सवलत २ हेक्टरांच्या आतल्या शेतकऱ्यांपुरती होती. कोरडवाहू वऱ्हाडात पाच एकरांहून थोडी जास्त जमीन असणे म्हणजे श्रीमंती नव्हे, हे त्या मोजपट्टीला कळले नाही. येथेही पारखले जात होते ते माणसाला, आणि तेही चुकीच्या मापाने.

एका बैलजोडीचे सलग कामातले बळ साधारण एक अश्वशक्ती धरले जाते. या हिशेबाने आजच्या मध्यम आकाराच्या आलिशान सेडानच्या बॉनेटखाली दोनशेहून अधिक बैलजोड्या असतात. एखाद्या मोठ्या गावच्या पोळ्यालाही तोरणाखाली इतक्या जोड्या उभ्या राहणे दुर्मीळ. शेतीच्या सर्वसाधारण ट्रॅक्टरमध्ये हे बळ पस्तीस-चाळीस जोड्यांचे. दोनशे जोड्यांच्या बळावर दोन-चार माणसे आरामात नागपूरला जातात, चाळीस जोड्यांच्या बळावर एक कुटुंब आणि त्याच्या भोवतीची चार शिवारे चालतात. ज्या बळाची गरज जास्त त्याला पैसा महाग आणि ज्याची हौस जास्त त्याला पैसा स्वस्त, हा या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष आहे.

आपल्या साहित्याने या गोष्टीकडे कसे पाहिले? सर्वसाधारण चित्र असे की ग्रामीण कथेत बैल आला तो जिव्हाळ्याचा विषय होऊन. त्याची विक्री किंवा त्याचा मृत्यू हा कथेचा करुण बिंदू ठरला. आलिशान मोटार आली ती बहुधा धुरळा उडवत जाणारी, आत पुढारी किंवा कारखानदार बसलेला. एकीकडे डोळ्यांतले पाणी, दुसरीकडे काचेची चमक. या दोहोंच्या मधला कर्जाचा कागद मात्र क्वचितच कथेच्या केंद्रस्थानी आला. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'सारखी कादंबरी, जिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, या बाबतीत वेगळी ठरते, कारण तिथे शेतीच्या अर्थकारणाची कोंडी शिकलेल्या तरुणाच्या संसारात शिरलेली दिसते. पण एरवी आपली समीक्षाही प्रतीकांवर थांबली. बैल म्हणजे कष्ट आणि मोटार म्हणजे माज, एवढ्या समीकरणाने विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेत गुण मिळतात, समाज कळत नाही.

यवतमाळने मराठी साहित्याला ही आठवण एकदा समोरासमोर करून दिली आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे प्रथम १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि दुसऱ्यांदा जानेवारी २०१९ मध्ये, अरुणा ढेरे अध्यक्ष असताना. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्याने या ९२ व्या संमेलनावर मोठे वादळ उठले. अखेर उद्घाटन केले ते शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबातील वैशाली येडे यांनी, ज्या याच जिल्ह्यातल्या. अडचणीतून निघालेला तो मार्ग होता हे खरे, तरी कर्जाच्या कागदामुळे ज्यांचे आयुष्य बदलले असा आवाज त्या दिवशी सारस्वतांच्या व्यासपीठावरून ऐकू आला. त्यानंतर आमच्या अभ्यासक्रमात, आमच्या लेखांत, आमच्या वाचनात काय बदलले, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला पाहिजे.

मग मध्यम आकाराची आलिशान गाडी घ्यावी की घेऊ नये? असा निवाडा देणे आमचे काम नव्हे. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. ऑडीची ए-सिक्स संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात आणि मर्सिडीजची ई-क्लास चाकणला जुळवली गेली आहे. या गाड्यांत महाराष्ट्राच्या कामगारांचे कौशल्यही आहे. मात्र घ्यायची तर आजोबांच्या रीतीने घ्यावी. अश्वशक्तीचा आकडा हा इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांवरचा असतो. घाटात, भरल्या गाडीनिशी, कमी फेऱ्यांवर ती किती जोर लावते हे चालवूनच कळते, जसे बैलाचे चढावर कळत असे. मॉडेल कोणत्या वर्षीचे, त्याची पुढची पिढी कधी येणार हे विचारावे, कारण १९९५ च्या गिऱ्हाइकाने ते विचारले होते. गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे ते आपल्या गावाच्या रस्त्यावर पाहावे, शहरातल्या दालनाच्या गुळगुळीत फरशीवर नव्हे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून जातो आणि त्यांत यवतमाळ नाही. तेव्हा इथल्या माणसाने जाहिरातीतला रस्ता आपला समजू नये. मागच्या आसनावर घरातल्या वृद्धांना बसवून, उतरवून पाहावे. अधिकृत दुरुस्तीकेंद्र किती कोसांवर आहे, टायर-बॅटरीचा आणि विम्याचा वार्षिक खर्च काय, पाच वर्षांनी विकायला काढली तर मूळ किमतीचा किती हिस्सा हाती येईल, हे लेखी मांडावे. यांतला एकही प्रश्न दमणी घेणाऱ्याला परका वाटला नसता.

आणि शेवटी कर्जमंजुरीचे पत्र वाचावे, तेही एकटे नव्हे. गावाकडे कोणी भाऊबंद असेल, त्याने ट्रॅक्टरसाठी किंवा विहिरीसाठी कर्ज काढले असेल, तर त्याचे पत्र मागून घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवावीत. दर पाहावा, तारण पाहावे, मंजुरीला लागलेले दिवस पाहावेत, जामीनदारांची संख्या पाहावी. आमच्या विद्यार्थ्यांना दोन संहिता शेजारी ठेवून पाठभेद शोधण्याची सवय आम्ही लावतो. हेही तसलेच पाठभेद आहेत, आणि विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या वऱ्हाडाचा इतिहास ज्यांना लिहायचा आहे त्यांना ते टाळून पुढे जाता येणार नाही.